रॅम महागली, बजेट तेवढंच: कोकणातल्या घरासाठी कॉम्प्युटर जुळवताना

मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपला रॅम आणि एसएसडीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरी कॉम्प्युटर असेंबल करून घेणाऱ्यांना हे नाव चांगलं ओळखीचं. त्याच्या आधीपासूनच रॅमचे भाव चढायला लागले होते आणि वर्ष संपेस्तोवर ते दुपटीच्याही पुढे गेले. २०२५ च्या मे महिन्यात कोटेशन घेऊन ठेवलं आणि 'आंब्याचे पैसे हातात आले की घेऊ' म्हणून जे थांबले, त्यांना आता त्याच पैशांत तेच मशीन मिळत नाही.

मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळालाय, होमस्टेची बुकिंगं मोबाईलवर आवरत नाहीत, बागेचा हिशोब वहीतून एक्सेलमध्ये न्यायचाय, आणि हातात चाळीस हजारांपलीकडे काही नाही, अशा घरांसाठी हा लेख आहे. इंटरनेटवर बजेट कॉम्प्युटरच्या याद्या भरपूर सापडतात. पण त्या बंगळुरू-दिल्लीच्या कोरड्या, वातानुकूलित खोल्या डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. गुहागर किंवा वेंगुर्ल्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात पैसे वेगळ्या ठिकाणी घालावे लागतात.

रॅम का महागली?

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण. वीज गेली की ती पुसली जाते. जगातल्या रॅमच्या बहुतेक चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना एका खास प्रकारची, थरावर थर रचलेली मेमरी लागते. तेवढ्याच जीबीसाठी त्या मेमरीला साध्या रॅमच्या जवळजवळ तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं, पण तिचा भाव फार मोठा मिळतो. कारखाने तेवढेच आहेत, नवा उभारायला काही वर्षं जातात, त्यामुळे कंपन्यांनी यंत्रं त्या मेमरीकडे वळवली. घरगुती रॅमसाठी उरलं ते कमी. त्यात डीडीआर४ ही जुनी पिढी कंपन्या आवरत्या घेऊ लागल्या होत्या, म्हणून 'जुनी आहे, स्वस्त असेल' हा हिशोबही फसला. एसएसडी, म्हणजे फाईली कायम साठवणारी, फिरती तबकडी नसलेली डिस्क, हिच्यात लागणाऱ्या चिपही याच ओढाताणीत महागल्या.

म्हणजे महिनाभर थांबलं की भाव खाली येतील, अशी ही भाववाढ नाही. गरज खरी असेल तर आहे त्या पैशांत आखणी करणं शहाणपणाचं.

डब्यात काय काय असतं

आंब्याच्या हंगामातलं एखाद्या बागायतदाराचं घर डोळ्यांसमोर आणा. पडवीत माणसं बसून हापूस निवडतायत, पेट्या भरतायत. आंबे आतल्या खोलीत आढीत आहेत. हात चालवणारी माणसं म्हणजे प्रोसेसर. पडवीतली मोकळी जागा म्हणजे रॅम. आतली खोली म्हणजे साठवण, अर्थात हार्डडिस्क किंवा एसएसडी. पडवी लहान असेल तर चार डझन आंबे बाहेर आणायचे, ते संपले की पुन्हा आत धावायचं. मग भरणारी माणसं कितीही चपळ असोत, अर्धा वेळ ती बसूनच राहतात. आणि आतल्या खोलीचं दार अरुंद, वाट अंधारी असेल तर प्रत्येक खेप रखडते.

जुना कॉम्प्युटर 'हँग होतो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि हार्डडिस्क करकरत असते. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, तेही सलग फाईल असेल तर. विखुरलेल्या बारीक फाईली गोळा करताना तिचा वेग पार कोसळतो, आणि विंडोज सुरू होणं म्हणजे नेमकं हेच काम. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते. एनव्हीएमई म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी लहानशी एसएसडी. ती ३,००० एमबी सहज ओलांडते. घरच्या वापरात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक फारसा जाणवणार नाही. पण हार्डडिस्क आणि एसएसडी यांतला फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो. घरात जुनं मशीन असेल आणि ते अगदीच पुरातन नसेल, तर नवं घेण्याआधी त्यात एसएसडी घालून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं आणि पैसे वाचतात.

उरलेले भाग थोडक्यात. मदरबोर्ड ही सगळे भाग जोडणारी पाटी. एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी. ग्राफिक्स म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. तो प्रोसेसरच्या पोटातच असू शकतो किंवा वेगळ्या कार्डावर.

नंतर काय वाढवता येतं आणि काय नाही

तंग बजेटमध्ये मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. 'सगळ्यांत स्वस्त काय' याच्या आधी तो विचारायला हवा.

रॅमची दुसरी पट्टी कधीही लावता येते. मोठी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, चांगला मॉनिटर हे सगळं पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी करता येतं, आणि जुनं काही फेकावं लागत नाही. मदरबोर्डचं तसं नाही. कुठल्या पिढीचा प्रोसेसर बसेल, कुठल्या पिढीची रॅम लागेल, किती पट्ट्या मावतील, हे बोर्ड ठरवतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. म्हणून बोर्ड चुकला तर रॅम आणि प्रोसेसरही त्याच्याबरोबर जातात.

यातून आजच्या भावात सोपा रस्ता निघतो. रॅम महाग आहे ना, मग ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. दोनदा चार-चार जीबी घेऊन दोन्ही स्लॉट अडवू नका. पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि वेग कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढे तशीच दुसरी मागता येईल. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा मोठा फायदा होतो. त्यामुळे पुढची ती दुसरी पट्टी वेगही वाढवते.

बोर्डाच्या बाबतीत आज दोन वाटा आहेत. इंटेलचा आय३-१२१०० हा प्रोसेसर आणि एच६१० नावाचा, डीडीआर४ वाला बोर्ड ही एक. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि एएम४ बोर्ड ही दुसरी. पहिल्यात चार कोअर, म्हणजे हात चालवणारी चार माणसं आहेत, दुसऱ्यात सहा. दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे, रायझनचं जरा जास्त दमदार. एएम४ ही प्रोसेसर बसवायची बैठक २०१६ पासूनची, आता तिला पुढे नवी पिढी येणार नाही. एएमडीची पुढची एएम५ बैठक फक्त डीडीआर५ घेते, आणि तिला २०२७ आणि त्यानंतरही साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. बजेट जरा ताणता आलं तर एएम५ जास्त वर्षं साथ देईल. चाळीस हजारांत मात्र मी डीडीआर४ चीच वाट धरीन, आणि घरात किंवा नात्यात कुणाच्या बंद मशीनमध्ये डीडीआर४ ची पट्टी असेल तर ती आधी मागून घेईन.

चाळीस हजारांची वाटणी

पहिला प्रश्न दुकानदाराला: यात जीएसटी धरलाय का? कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के कर आहे. 'चाळीस हजार प्लस जीएसटी' म्हणजे ४७,२०० रुपये.

कर धरून ४०,००० असतील तर माझी वाटणी अशी असेल. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून १६,०००. रॅम आणि एसएसडीला ८,०००. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस यांना ८,०००. एसएमपीएस आणि यूपीएस (लाईट गेल्यावर काही मिनिटं वीज देणारी बॅटरीची पेटी) मिळून ६,०००. कॅबिनेटला २,०००. भाव हलते आहेत, त्यामुळे याकडे बाजारभाव म्हणून न पाहता प्रत्येक भागाची कमाल मर्यादा म्हणून पाहा. आठ हजारांत मोठी एसएसडी आणि भरपूर रॅम दोन्ही बसणार नाहीत. तेव्हा एसएसडी २५६ जीबीची घ्या आणि फोटो-व्हिडिओ जुन्या हार्डडिस्कवर टाका. हार्डडिस्क साठवणीला अजूनही चांगली आहे, फक्त विंडोज तिच्यावर नको.

घरात एचडीएमआयचं पोर्ट असलेला टीव्ही असेल तर पहिलं वर्ष मॉनिटरशिवाय निघू शकतं. ते वाचलेले पैसे थेट रॅमकडे वळवावेत.

या वाटणीत एसएमपीएस-यूपीएसचा वाटा पाहून कुणी म्हणेल, की एवढा कशाला? त्याचं उत्तर पुढे विजेच्या भागात आहे, आणि कोकणात तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

'आय७ दहा हजारांत मिळतोय, तो का नको?'

कारण आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीतली उतरंड सांगतात, पिढी सांगत नाहीत. पिढी पुढच्या आकड्यात असते. शेवटचे तीन अंक झाका, उरेल ती पिढी: २६०० म्हणजे दुसरी, ३७७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर, आय३-१२१०० हा २०२२ चा. दोघांनाही चारच कोअर आहेत, पण नवा आय३ एकेका कोअरमागे जवळजवळ दुप्पट काम करतो, तेही कमी विजेत.

दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही. ऑफिसांनी जुने म्हणून काढलेले कॉम्प्युटर विंडोज ११ टाकून विकले जातात, पण पिढी जुनी असेल तर ते आडवाटेने टाकलेलं असतं आणि पुढचं अपडेट कधी अडेल याचा भरवसा नसतो.

मात्र सेकंडहँडला सरसकट नाही म्हणणं चुकीचं ठरेल. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही मशीनं दणकट असतात. त्यांतलं आय५-८५०० असलेलं, म्हणजे आठव्या पिढीचं सहा कोअरचं मशीन तंग बजेटला आजही उत्तम. बजेट पंचवीस हजारांच्या आत असेल तर मी नवं जुळवण्यापेक्षा तेच सुचवीन. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: यांतल्या लहान आकाराच्या मॉडेलांचा एसएमपीएस आणि बोर्ड त्या त्या कंपनीच्याच मापाचे असतात. बिघडले तर सावंतवाडीच्या दुकानात सहज मिळणारा साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. मोठ्या, उभ्या कॅबिनेटचं मॉडेल मिळालं तर बघावं. घेताना पेटी उघडायला लावा आणि आतला गंज पाहा. मागच्या पोर्टांचा धातू काळवंडला असेल तर ते मशीन किनाऱ्यावर राहून आलेलं असू शकतं.

ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल?

अभ्यास, टॅली, ऑनलाइन वर्ग, यूट्यूब, प्रोग्रामिंग, मराठी डीटीपी, साधं फोटो एडिटिंग, सगळं चालेल. डिप्लोमाच्या पातळीचं ऑटोकॅडही चालतं, १६ जीबी रॅम झाल्यावर नीट. नवे मोठे गेम आणि जड व्हिडिओ एडिटिंग यांना कार्ड लागेल, ते नंतर लावता येईल.

घेताना अक्षरं वाचा. इंटेलच्या नंबरामागे एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. तो थोडा स्वस्त असतो म्हणून घेतला जातो आणि घरी आल्यावर पडदा काळाच राहतो. एएम४ च्या रायझनमध्ये उलट: नंबरामागे जी असेल तरच ग्राफिक्स आहे. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, हेही लक्षात असू द्या. आठातला काही भाग तिकडे जातो.

लाईट: कोकणातला खरा खर्च

कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा एसएमपीएस घेऊ नका. त्याच्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण आत तेवढा माल नसतो, आणि व्होल्टेज चढलं की स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवणारी यंत्रणा कित्येकदा वगळलेली असते. असा एसएमपीएस जळताना बोर्ड, एसएसडी सगळं घेऊन जातो. '८० प्लस' हा शिक्का पाहा. त्याचा अर्थ भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज तो कामी लावतो. शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षेचा नाही. पण तो मिळवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या संरक्षणाची यंत्रणाही सहसा नीट देतात. कार्डाशिवायचं हे मशीन जोर लावूनही दीडशे वॅटच्या आसपासच राहील, तेव्हा खरा ४५० वॅट भरपूर झाला. जास्त वॅटच्या मागे न लागता जास्त वर्षांची वॉरंटी पाहा.

आता गावातल्या विजेचं. आपल्या घरात येतो एक फेज आणि एक न्यूट्रल. पावसात फांदी पडून किंवा सांधा गंजून न्यूट्रल तुटला, तर दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांमार्फत जोडली जातात आणि एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो. वाडीतले चार-पाच टीव्ही आणि फ्रिज एकाच संध्याकाळी जळतात, ते यामुळे. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला आपोआप पडणारा खटका, अशा वेळी खाली पडत नाही, कारण तो जादा प्रवाहावर चालतो, जादा दाबावर नाही. स्पाईक गार्डही क्षणभराचा झटका झेलण्यापुरता असतो. सतत चढलेल्या व्होल्टेजपुढे तो स्वतःच जळून जातो. यावरचा उपाय म्हणजे मीटरनंतरच्या बोर्डात बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वायरमनला नाव सांगितलं की त्याला कळतं. तो सगळ्या घराला वाचवतो, म्हणून त्याचा खर्च कॉम्प्युटरच्या बजेटात धरू नका, घराच्या खर्चात धरा.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पेटीवर जवळजवळ अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्ट, तरंगत राहतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, त्यामुळे सहसा माणसाला इजा होत नाही, पण पेनड्राईव्ह किंवा मॉनिटरची केबल लावताना पोर्ट उडू शकतं. जांभ्याच्या कातळावरच्या घरात अर्थिंग नीट लागणं मुळातच अवघड. खड्डा खोल हवा, त्यात मीठ-कोळसा हवा, आणि मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी ओतायला हवं, कारण सुकलेल्या जांभ्यातून वीज जमिनीत उतरत नाही. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकण्याची सवय तर सोडाच.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे; ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमधून साधारण ३६० वॅट मिळतात. मॉनिटर धरून आपलं मशीन साध्या कामात ८० वॅटच्या आसपास खाईल, म्हणजे नवी बॅटरी असताना पंधरा-वीस मिनिटं हाताशी राहतील. ती फाईल सेव्ह करून नीट बंद करायला आहेत, काम चालू ठेवायला नाहीत. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. घरात आधीच साईन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्यावर यूपीएस मोड असेल, तर वेगळा यूपीएस न घेताही बहुतेक वेळा चालतं. दुकानात विचारून, लावून बघून ठरवा.

विजेचं बिल या मशीनने फारसं वाढत नाही. रोज पाच तास, ८० वॅट, म्हणजे दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, आणि राऊटरपासून आलेली तांब्याची लॅन केबलही काढा. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण राऊटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा दीर्घ अंधारानंतर लाईट येते तेव्हा ती बराच वेळ वर-खाली होत राहते. स्थिर होईपर्यंत प्लग लावू नका.

खारं वारं आणि मिठाची बरणी

जूनमध्ये स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हेच मीठ सूक्ष्म कणांनी भरलेलं असतं आणि ते मदरबोर्डवर बसतं. मे महिन्याच्या दुपारी ते कोरडं, निरुपद्रवी पडून असतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता ७५ च्या वर ठाण मांडून बसते, तेव्हा त्याचा खारट थर होतो. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि तांबं खातं. 'काल चालू होता, आज नो डिस्प्ले' या तक्रारींमागे पावसाळ्यात बहुधा हेच असतं. दुकानदार रॅम काढतो, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतो, परत लावतो, मशीन सुरू होतं. खोडरबराने निघाला तो हाच थर.

म्हणून किनाऱ्यावर कॅबिनेट निवडताना शहरी सल्ला उलटा करावा लागतो. पुढून जाळी, काचेची बाजू, सहा रंगीत पंखे: प्रत्येक पंखा खारी हवा आत ओढतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, ६५ वॅटच्या आसपासच्या प्रोसेसरला स्वतःचा पंखा आणि मागे एक पंखा पुरतो. धूळ-गाळणी असलेलं, बऱ्यापैकी बंद, साधं कॅबिनेट घ्या. रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावलेल्या आहेत ना ते बघा. तिथून पाल आत शिरते, उबेला बसते आणि एसएमपीएसमध्ये गेली तर तो घेऊनच जाते.

ठेवायची जागा: समुद्राकडच्या खिडकीसमोर नको, ओल येणाऱ्या भिंतीला चिकटून नको, जमिनीवर तर नकोच. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांना आठवतं. ज्यांचं घर नदीकाठी आहे त्यांनी मशीन टेबलावर ठेवावं, आणि महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत पेनड्राईव्हवर किंवा ऑनलाइन ठेवावी.

प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवणं मला घातक वाटतं. आतली ओल आतच कोंडते. झाकायचंच तर सुती कापड, तेही मशीन थंड झाल्यावर. कॉम्प्युटरला पावसाळ्यात खरा उपाय वापर हाच आहे. चालू मशीनच्या पेटीतली हवा गरम होते, गरम झालेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, आणि मीठ कोरडं राहतं. रोज तासभर तरी चालू ठेवा. चाकरमान्यांच्या बंद घरात गणपती ते शिमगा पडून राहणाऱ्या मशीनचं आयुष्य म्हणूनच कमी असतं. तसं घर असेल तर डेस्कटॉप मुळात घेऊच नका.

एक व्यवहाराची गोष्ट. बहुतेक वॉरंटीत गंज आणि जळालेला भाग धरला जात नाही. म्हणजे आपल्या भागात सर्वाधिक संभवणारे दोन्ही बिघाड वॉरंटीबाहेर आहेत. वीज आणि हवा यांच्यावर आधी पैसे घाला म्हणतो ते याचसाठी.

मग लॅपटॉपच बरा नाही का?

मुलगी वसतिगृहावर राहणार असेल तर होय, लॅपटॉपच. त्याला स्वतःची बॅटरी असते, यूपीएस लागत नाही, आणि लाईट गेली तरी काम चालू राहतं. पण घरात एकाच जागी, दोन-तीन माणसांनी वापरायचं असेल तर डेस्कटॉप जास्त पुरतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम कित्येकदा बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. डेस्कटॉपचा एसएमपीएस गेला तर कणकवलीत त्याच दिवशी दुसरा मिळतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला तर कोल्हापूर किंवा मुंबई, आणि खर्च अर्ध्या लॅपटॉपचा.

विंडोज 'टाकून देतो' म्हणतात ते

असेंबल्ड मशीनच्या किमतीत विंडोजचा परवाना नसतो. दुकानदार टाकून देतो ती बहुतेक वेळा चोरीची प्रत असते, आणि ती चालू करणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमबरोबर काय आत येतं ते कुणीच पाहत नाही. त्याच मशीनवर यूपीआय, बँक, जीएसटीचे पासवर्ड टाकायचे असतील तर हा धोका घेऊ नये. एक तर परवान्याचे पैसे धरा, नाहीतर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स, म्हणजे लिनक्स मिंट किंवा उबुंटू, घ्या. दोन्ही फुकट आणि कायदेशीर आहेत, मराठी टायपिंग आणि वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं लिबर ऑफिस त्यांत व्यवस्थित चालतं. ज्यांना टॅली लागतं किंवा एमएस-सीआयटीचा सराव करायचाय त्यांना विंडोजच हवं. बाकी घरांनी लिनक्स आधी महिनाभर वापरून बघावं. जुन्या मशीनवर तर ते अधिकच हलकं चालतं.

मुंबईहून मागवावं की जवळच घ्यावं?

लॅमिंग्टन रोडवर भाव कमी असतात, आणि गणपतीला येणारा भाऊ सामान घेऊन येऊ शकतो. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी तिथून किंवा ऑनलाइन मागवायला हरकत नाही. हे भाग क्वचित बिघडतात आणि बिघडले तर कुरियरने पाठवता येतात. प्रोसेसर मात्र सीलबंद खोक्यातला घ्या. इंटेलच्या खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्या प्रोसेसरला ती तशी मिळेलच असं नाही. बोर्ड, एसएमपीएस आणि यूपीएस जवळच्या दुकानातून घ्यावेत, चार पैसे जास्त गेले तरी. बिघडायचे ते हेच भाग, आणि त्यासाठी एसटीने वीस किलो ओझं घेऊन मुंबईला जाण्यात अर्थ नाही.

बिल पक्कं घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बिलावरची छपाई दमट कपाटात पुसट होते. मशीन दुकानातच जोडून, चालू करून घ्या. सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं नाव, रॅमचे जीबी आणि एसएसडीचा आकार बिलाशी ताडून बघा. पाऊण तास मशीन तिथेच चालू ठेवायला सांगा. एसएमपीएस किंवा रॅम सदोष असेल तर पुष्कळदा तेवढ्यात लक्षात येतं, आणि बदलूनही तिथेच मिळतं. रिकामी खोकी फेकू नका. वॉरंटीसाठी ती लागतात, आणि दुसरी रॅम घ्यायला जाल तेव्हा पहिलीचं खोकं दुकानदाराला दाखवता येईल.